वेशीवरचं घड्याळ: जेरुसलेमच्या जाफा गेटवरचा मनोरा का बांधला, का उतरवला

१९२२ साली जेरुसलेमच्या जाफा गेटवरचा घड्याळाचा मनोरा उतरवण्यात आला. तेव्हा त्याचं वय जेमतेम चौदा-पंधरा वर्षं होतं. पहिल्या महायुद्धातून तो उभाच्या उभा वाचला होता. तो काढायचा निर्णय घेणारी माणसं शहराचा वारसा जपण्यासाठी नेमलेली होती, आणि वारसा जपायचा म्हणूनच त्यांनी तो काढला.

जुन्या वास्तूंच्या डागडुजीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. एखाद्या वास्तूवर शतकानुशतकं थर चढत गेलेले असतात. त्यातले कोणते ठेवायचे, कोणते खरवडायचे, आणि हे ठरवणार कोण? जाफा गेटचं प्रकरण या प्रश्नाचा जवळजवळ शुद्ध नमुना आहे. इथे वाचवलेली वास्तू ऑटोमन, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या काळातली होती आणि पाडलेलीही ऑटोमनच होती.

वेस आणि तिच्याबाहेरचा बाजार

जुन्या जेरुसलेमभोवतीचा आजचा तट ऑटोमन सुलतान सुलेमानाने साधारण १५३७ ते १५४१ या काळात बांधून घेतला. जाफा गेटच्या शिलालेखावर हिजरी ९४५ हे वर्ष आहे, म्हणजे इ.स. १५३८-३९. ही पश्चिमेची वेस. इथून जाफा बंदराची वाट निघते म्हणून युरोपीय लोक तिला जाफा गेट म्हणू लागले. अरबीत ती बाब अल-खलील, कारण हेब्रोनची, म्हणजे अल-खलीलची वाटही इथूनच जाते. आत शिरलं की काटकोनात वळावं लागतं. आपल्याकडे गडाच्या दरवाजाला वळसा देऊन शत्रूचा वेग मोडतात, तीच युक्ती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर तटाबाहेर सांडू लागलं आणि त्याचा सगळा लोंढा याच वेशीशी आला. १८९२ मध्ये जाफा-जेरुसलेम रेल्वे सुरू झाल्यावर तर प्रवासी, यात्रेकरू आणि व्यापारी सगळ्यांचं पहिलं पाऊल इथेच पडायचं. हॉटेलं, बँका, फोटोग्राफरांची दुकानं, टांगेवाले, आणि वेगवेगळ्या युरोपीय देशांनी आपापली चालवलेली टपाल कार्यालयं. एकाच शहरात ऑस्ट्रियाचं टपाल वेगळं, फ्रान्सचं वेगळं, रशियाचं वेगळं. त्या प्रत्येकाचं वेळापत्रकही वेगळंच असणार.

१८९८ मध्ये जर्मनीचा कैसर विल्हेम दुसरा आला. त्याच्या स्वारीसाठी वेस आणि शेजारचा बालेकिल्ला यांच्यामधला खंदक बुजवून तटाला भलंमोठं भगदाड पाडण्यात आलं. हे भगदाड लक्षात ठेवायचं, पुढे ते कामाला येणार आहे.

मनोरा

सुलतान अब्दुल हमीद दुसरा १८७६ मध्ये गादीवर आला. त्याच्या कारकिर्दीला २५ वर्षं पूर्ण होत आली तेव्हा साम्राज्यभर घड्याळाचे मनोरे उभे राहू लागले. इज्मीरचा १९०१ चा मनोरा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. पॅलेस्टाइनमध्ये जाफा, हैफा, अक्का, नाब्लुस, सफद या गावांनाही आपापलं घड्याळ मिळालं. दूरच्या राजधानीतल्या सुलतानाची उपस्थिती प्रत्येक गावच्या चौकात दिसावी, हा त्यामागचा हेतू. मूर्ती किंवा पुतळा उभारणं मुस्लिम साम्राज्यात रुचणारं नव्हतं. घड्याळ मात्र कुणालाच खटकत नव्हतं.

जेरुसलेमचा मनोरा या रांगेत उशिरा आला, १९०७-०८ मध्ये. पैसे उभे राहिले ते शहरातल्या लोकांच्या वर्गणीतून. तो जमिनीवर बांधला नव्हता, थेट वेशीच्या माथ्यावर चढवला होता. पांढऱ्या चुनखडी दगडाचा, मजल्यामजल्याने निमुळता होत जाणारा, नक्षीदार, खाली सुलेमानाच्या साध्या ठोकळेबाज चर्या आणि वर ही सजावट. फोटोत पाहिलं की पहिल्यांदा जरा हसू येतं, हे कबूल करायला हवं. पहिलवानाच्या डोक्यावर लग्नातला फेटा बांधावा, तसं काहीसं.

पण दगड कुठला होता ते बघा. दमास्कस गेटजवळ शहराच्या पोटात एक प्राचीन दगडखाण आहे. तिला झेदेकियाची गुहा म्हणतात, काही जण सुलेमान राजाच्या, म्हणजे बायबलमधल्या सॉलोमनच्या खाणी म्हणतात. तिथला पांढरा दगड ‘मेलेके’ म्हणून ओळखला जातो, अर्थ ‘राजेशाही’. या खाणीतून बांधकामासाठी शेवटचा दगड काढला गेला तो याच मनोऱ्यासाठी. पुढे या मनोऱ्यावर उपरेपणाचा शिक्का बसला. त्याचं अंग मात्र जेरुसलेमच्याच खडकाचं होतं.

मनोऱ्याला चार तबकड्या होत्या. दोन युरोपीय वेळ दाखवायच्या आणि दोन स्थानिक.

दिवेलागणीला बारा

ही स्थानिक वेळ म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ऑटोमन रिवाजात दिवस सूर्यास्ताला संपायचा आणि तिथूनच नवा सुरू व्हायचा. सूर्य मावळला की घड्याळात बारा. म्हणजे दिवेलागणीला रोज बारा वाजायचे, अगदी शब्दशः. जेरुसलेममध्ये हिवाळ्यातला सर्वांत लवकरचा आणि उन्हाळ्यातला सर्वांत उशिराचा सूर्यास्त यांत दोन तासांहून जास्त अंतर पडतं. म्हणून हे घड्याळ सतत थोडं थोडं पुढेमागे सारावं लागायचं. युरोपीय प्रवाशांना हा सारा गोंधळ वाटे आणि ते तसं लिहूनही ठेवत. नमाजाच्या वेळा सूर्यावर बांधलेल्या माणसाला मात्र यात गोंधळाचं काही नव्हतं.

मराठी वाचकाला हे तितकंसं परकं वाटू नये. आपल्याकडे सूर्योदयापासून घटका मोजायचा रिवाज होता आणि लग्नाच्या मुहूर्ताला पाण्यात घटिकापात्र सोडलं जाई. आणि मुंबईने तर १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ सोडली नाही. महापालिकेचा कारभार ३९ मिनिटं मागे असलेल्या त्या वेळेवर १९५५ पर्यंत चालू होता. घड्याळाचा काटा कुणाच्या हुकमाने फिरतो, हा वाद जगभरच्या शहरांनी घातला आहे.

जेरुसलेमच्या मनोऱ्याने हा वाद मिटवला नाही, पण दोघांनाही जागा दिली. टपाल कार्यालयाकडे निघालेला माणूस एक तबकडी बघे, मशिदीकडे निघालेला दुसरी. मला या मनोऱ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. नक्षीकाम नंतर.

ज्याच्या गौरवार्थ तो उभा राहिला, त्या सुलतानाला मात्र तो लाभला नाही. जुलै १९०८ मध्ये तरुण तुर्कांच्या उठावामुळे त्याला राज्यघटना पुन्हा लागू करावी लागली आणि एप्रिल १९०९ मध्ये तो पदच्युत झाला. घड्याळ चालत राहिलं.

नवे मालक

९ डिसेंबर १९१७ रोजी जेरुसलेम ब्रिटिशांच्या स्वाधीन झालं. ११ तारखेला जनरल अ‍ॅलनबी जाफा गेटमधून पायी आत आला. घोड्यावरून थाटात आलेल्या कैसरशी तुलना व्हावी म्हणून मुद्दाम पायी. त्याच्या डोक्यावर तेव्हा अब्दुल हमीदचं घड्याळ होतं.

लष्करी गव्हर्नर म्हणून नेमलेला रोनाल्ड स्टॉर्स हा हौशी, सुसंस्कृत आणि बऱ्यापैकी हट्टी माणूस. ८ एप्रिल १९१८ रोजी त्याने हुकूम काढला: दमास्कस गेटपासून २,५०० मीटरच्या परिघात लेखी परवानगीशिवाय कुणीही इमारत पाडू नये, बांधू नये, बदलू नये की दुरुस्त करू नये. मोडल्यास २०० इजिप्शियन पौंडांपर्यंत दंड. गिलावा आणि पत्र्यांवरही त्याने बंदी घातली. जेरुसलेमच्या इमारती आजही दगडी दिसतात, त्याचं मूळ या धोरणात आहे. युद्ध अजून संपायचं होतं आणि हा माणूस पत्र्यांच्या मागे लागला होता. एरवी मी अशा अधिकाऱ्याचं कौतुकच करतो.

त्याच वर्षी शहराचा वारसा जपण्यासाठी ‘प्रो-जेरुसलेम सोसायटी’ स्थापन झाली. महापौर, मुफ्ती, ख्रिस्ती पंथांचे प्रमुख, ज्यू समाजाचे पुढारी हे सगळे एका टेबलाशी बसायचे, ही त्या शहरात लहानसहान गोष्ट नव्हती. संस्थेचा कर्ता कारभारी होता चार्ल्स रॉबर्ट अ‍ॅश्बी. लंडनमध्ये १८८८ साली हस्तकलांचा ‘गिल्ड’, म्हणजे कारागिरांचा संघ काढणारा, यंत्राने माणसाच्या हाताचा कस मारला असं मानणारा वास्तुरचनाकार. त्याने जेरुसलेममध्ये केलेली कामं खरोखर चांगली होती. तटावरून फिरायची वाट मोकळी केली, जुना सूत बाजार सावरला, विणकर आणि काचकाम करणाऱ्यांना काम मिळवून दिलं. ‘डोम ऑफ द रॉक’ या मुस्लिमांच्या पवित्र वास्तूच्या फरशांसाठी तुर्कस्तानातल्या क्युताह्याहून आलेल्या आर्मेनियन कुंभारांची भट्टी त्याच काळात शहरात सुरू झाली आणि तिची परंपरा आजही चालू आहे.

इथे एक धागा थेट मुंबईशी जुळतो. १९१९ मध्ये नगररचनाकार पॅट्रिक गेडेस जेरुसलेमला आला आणि त्याने शहराच्या आराखड्यावर अहवाल लिहिला. त्याच वर्षी तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून रुजू झाला. मालवणचे समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये त्याच्याच वर्गातून पुढे आले. गेडेसने त्याआधी मुंबई इलाख्यातल्या आणि इतर हिंदी शहरांच्या पाहणीतून एक तत्त्व मांडलं होतं: जुनं गाव सरसकट पाडायचं नाही, जपून, कमीत कमी कापाकापी करायची. ज्या विद्यापीठात तो शिकवायला आला, तिथे राजाबाई टॉवर १८७८ पासून उभा होता. त्याची वेनिशियन-गॉथिक नक्षी फोर्टच्या मातीतून उगवलेली नव्हती. म्हणून कुणी तो उतरवायला निघालं नाही.

निर्णय

अ‍ॅश्बीने संस्थेच्या अहवालात जाफा गेटची दोन रूपं चितारून दाखवली: आहे ते, आणि अडगळ दूर केल्यावर दिसेल ते. दुसऱ्या चित्रात मनोरा नाही. तटाची रेघ सलग धावते, पायथ्याशी बाग आहे. चित्र देखणं आहे, आणि इथेच खरी गोम आहे. निर्णय त्या चित्रातच झालेला होता.

ब्रिटिशांची बाजू नीट मांडायला हवी. तट १५३८ चा, मनोरा १९०७ चा. तट हा जगभरच्या यात्रेकरूंच्या मनातल्या जेरुसलेमचा चेहरा, मनोरा ही एका पडलेल्या सुलतानाची जाहिरात. जुन्या भिंतीच्या माथ्यावर नवं वजन चढवणं बांधकामाच्या दृष्टीनेही शहाणपणाचं नाही. त्याची शैली तटाशी जुळत नाही हे तर आंधळ्यालाही दिसेल. आज एखाद्या गडाच्या महादरवाजावर कुणी सिमेंटचा घड्याळाचा मनोरा चढवला तर आपणही आरडाओरडा करू.

पर्याय कोणते होते? मनोरा आहे तिथे ठेवायचा. किंवा वेशीवरून उतरवून तोच, त्याच दगडांचा, शेजारी जमिनीवर उभा करायचा. किंवा मनोरा मोडून फक्त घड्याळ दुसरीकडे लावायचं. त्यांनी तिसरा निवडला. मनोरा मोडला आणि शहराला घड्याळ दुसरीकडे मिळेल असं ठरलं. यातून एवढं कळतं की सार्वजनिक घड्याळाची गरज त्यांनाही मान्य होती. त्यांना नको होती ती त्या घड्याळाची जागा आणि त्याचा पेहराव. वेशीशी असलेली अब्दुल हमीदच्या काळातली पाणपोई, ‘सबील’, हीही त्याच सुमारास गेली.

आणि भगदाड? कैसरसाठी १८९८ मध्ये पाडलेलं ते भगदाड तटाच्या सलग रेघेवरची सर्वांत मोठी जखम होती. तिथून मोटारी जायच्या, म्हणून ते राहिलं. आजही आहे आणि टॅक्स्या त्यातूनच जातात. सुलेमानाचा तट मूळ रूपात आणायचा एवढाच निकष असता, तर भगदाड आधी बुजलं असतं. थोडक्यात, निकष दोन होते: सोयीचं आहे ते इतिहास म्हणून चालतं, आणि डोळ्याला खुपतं ते इतिहास म्हणून चालत नाही.

दुसरं घड्याळ

तटाच्या वायव्य कोपऱ्याबाहेर, टपाल कार्यालयाजवळच्या अ‍ॅलनबी चौकात १९२४ च्या सुमारास नवा मनोरा उभा राहिला. रचनाकार क्लिफर्ड हॉलिडे, अ‍ॅश्बीनंतर आलेला नागरी सल्लागार. हा मनोरा सरळ, साधा, कुणालाही न खुपणारा. दहा वर्षांतच, १९३४ मध्ये, वाहतुकीला अडथळा होतो म्हणून तोही पाडला.

पहिला जाताना निदान चित्रं काढली गेली, कारणं दिली गेली. दुसरा म्हणजे चौकातला खांब होता, रस्ता रुंद करायचा म्हटल्यावर गेला. वेशीवरचं घड्याळ आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत होतं, त्याच्याखालूनच शहरात शिरावं लागे. चौकातलं घड्याळ बघायला मान वळवावी लागे, आणि तोवर खिशात आणि मनगटावर घड्याळं आली होती. हलवलेल्या वास्तूंचं बऱ्याचदा असंच होतं. वस्तू जाते, पण ती जिथे होती तिथलं तिचं काम तिच्यासोबत जात नाही.

आज तपासलं तर

वास्तुसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय सनद १९६४ मध्ये व्हेनिसला तयार झाली. तिचं अकरावं कलम सांगतं की वास्तूवर प्रत्येक काळाने घातलेली रास्त भर जपली पाहिजे, शैलीची एकसंधता हे संवर्धनाचं उद्दिष्ट नाही. या कलमावर १९२२ चा निर्णय टिकत नाही. पण ४२ वर्षांनंतरच्या नियमाने अ‍ॅश्बीला दोषी धरणं सोपं आहे, आणि मला त्यात फारसा रस नाही. त्याच्या स्वतःच्या नियमाने तो कुठे चुकला, हे बघणं जास्त उपयोगी.

त्याचा नियम होता की शहर हे जिवंत कारागिरीवर उभं असतं. मग १९०७ मध्ये गावच्या लोकांनी वर्गणी काढली, गावच्या खाणीतला दगड घेतला आणि गावच्या पाथरवटांनी तो घडवला, ती कारागिरी नव्हती का? त्याला मध्ययुगीन जेरुसलेम हवं होतं. समोरच्या जेरुसलेमला टपाल, रेल्वे, बँका आणि दोन-दोन वेळा दाखवणारं घड्याळ हवं होतं, आणि ते या शहराने ब्रिटिश येण्याआधीच मिळवलं होतं. शेवटची गोष्ट नव्या राज्यकर्त्यांना विशेष गैरसोयीची असावी असं मला वाटतं. आधुनिकता आम्ही आणली, हे सांगायला वेशीवर तुर्कांचं घड्याळ असून कसं चालेल? हा माझा तर्क आहे, निर्णयात असं काही लिहिलेलं नाही.

बाकीच्या भावंडांचं नशीब बरं निघालं. जाफाचा १९००-०३ चा मनोरा चौकाच्या मधोमध उभा आहे. १९६० च्या दशकात त्याच्या खिडक्यांत शहराच्या इतिहासाची रंगीत मोझेइक बसली, आणि १९४८ च्या लढाईत पडलेल्या इस्रायली सैनिकांची पाटीही त्यावर आहे. सुलतानाचं स्मारक आता तिसऱ्याच कुणाचं स्मारक झालं आहे. नाब्लुसचा मनोरा जुन्या गावात आहे. इज्मीरचा तर शहराची खूणच बनला आणि तुर्कस्तानच्या एकेकाळच्या ५०० लिरांच्या नोटेवर जाऊन बसला. आणि सूर्यास्ताला बारा वाजवणारं घड्याळ बघायचं तर बोस्नियातल्या सारायेव्होला जावं. तिथला मनोरा बराच जुना, त्यातलं यंत्र १८७० च्या दशकात लंडनहून आणलेलं, आणि त्याचे काटे आजही सूर्यास्ताशी जुळवले जातात. तुर्कस्तानने स्वतः ही पद्धत १९२६ च्या सुरुवातीला सोडली.

पुन्हा बांधावा का?

तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. जेरुसलेमच्या अमेरिकन कॉलनीच्या छायाचित्रकारांनी जाफा गेट किती तरी बाजूंनी टिपलं आहे, आणि तो संग्रह आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. दगडही मिळेल. पण जुनं शहर आणि तट १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आणि १९८२ पासून धोक्यातल्या वारशाच्या यादीत आहेत. तिथे एक दगड इकडचा तिकडे झाला तरी त्याचा राजकीय अर्थ लावला जातो. शिवाय आज बांधलेला मनोरा अब्दुल हमीदचा नसेल, ज्याने बांधला त्याचा असेल. सुलेमानाची वेस मनोऱ्याशिवाय आता शंभरहून अधिक वर्षं उभी आहे, आणि हा काळ मनोऱ्यासह गेलेल्या काळाच्या सातपट आहे. ती मोकळी चर्यांची रेघ हाही आता एक थरच झाला. अ‍ॅश्बीने थर खरवडला म्हणून त्याला नावं ठेवायची आणि मग त्याने घडवलेला थर आपण खरवडायचा, हे मला पटत नाही. २०१० मध्ये वेशीची डागडुजी झाली, दगड साफ झाले, शिलालेख नीट झाला. मनोरा परत आणला नाही, ते योग्यच झालं.

जाफा गेटचे जुने फोटो आणि पोस्टकार्डं बाजारात भरपूर फिरतात, बहुतेकांवर तारीख नसते. अशा वेळी आधी वेशीच्या माथ्यावर बघायचं. मनोरा दिसला, की फोटो १९०७ ते १९२२ मधला.